दुकानाआधी माग: संभाजीनगर आणि पैठणच्या कारखान्यांत हिंडायचे कसे

छत्रपती संभाजीनगरला आलेला पाहुणा मकबरा बघतो, पाणचक्की बघतो, वेरूळ-अजिंठा करतो आणि निघायच्या दिवशी घाईघाईत एखाद्या शोरूममधून हिमरूची, म्हणजे सुती-रेशमी नक्षीदार कापडाची, शाल किंवा पैठणी घेऊन गाडीत बसतो. वेरूळचा डोंगर कसा कोरला असेल यावर तासभर बोलणारी माणसे हातातले कापड कोणी, कुठे आणि कसे विणले हे विचारतही नाहीत. खरे तर ते कोरणारे हात आता भेटणार नाहीत. हे विणणारे हात अजून भेटतात. शहरातल्या गल्ल्यांत आणि पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणला माग आजही चालू आहेत.

अडचण एवढीच, की मोठ्या शहरांत असतो तसा पाटी लावलेला, कॅफे आणि गॅलऱ्यांनी सजवलेला कलाविभाग इथे नाही. इथले कारखाने घराच्या मागच्या खोलीत, बोळाच्या टोकाला किंवा जुन्या वाड्याच्या ओसरीवर असतात. कोणी सांगितल्याशिवाय सापडत नाहीत आणि सापडले तरी नेमके काय बघायचे ते कळत नाही. म्हणून हा लेख. माझा आग्रह एकच: आधी माग बघा, मग दुकानात शिरा. हा क्रम उलटा झाला की माणूस किंमत बघतो. सुलटा ठेवला की कापड बघायला शिकतो.

आधी ठरवा: एक दिवस आहे की तीन

एकच दिवस असेल तर सकाळी जुने शहर आणि दुपारी हिमरूचा कारखाना, एवढेच करा. त्यात पैठण कोंबू नका. पैठणला स्वतंत्र दिवस द्या, कारण मागापाशी निवांत बसल्याशिवाय पैठणी समजत नाही. तिसरा दिवस हाताशी असेल तर वेरूळच्या वाटेवरचा कागजीपुरा आणि संध्याकाळी शहरातली कला-महाविद्यालये.

थंडीचे दिवस, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सर्वांत बरे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत बसून माग बघणे पाहुण्यालाही नकोसे होते आणि विणकरही पहाटे काम उरकून दुपारी पाठ टेकतात. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो. २०१५ पासून तो साजरा होतो. त्या सुमारास प्रदर्शने, प्रात्यक्षिके होतात, पण गर्दीत माग नीट बघता येत नाही. पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीच्या नाथषष्ठीला लाखोंची वारी जमते. तो सोहळा बघायचा तर बघाच, पण त्याच फेरीत विणकराकडून निवांत वेळ मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

फोन केल्याशिवाय जाऊ नका

कारखाना हे कोणाचे तरी घर असते. आदल्या दिवशी फोन करून जाणे हा शिष्टाचार तर आहेच, पण त्याला व्यवहाराचीही बाजू आहे. मागावर नवा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, चढवण्याचे काम चालू असेल तर त्या दिवशी विणकाम दिसत नाही. फोनवर एवढे विचारले की फेरी फुकट जात नाही. शहरातले हिमरूचे जुने कारागीर बरेचसे मुस्लिम आहेत. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत जाऊ नका, आणि रमजानात सकाळी लवकर गेलात तर बरे. रविवारी जाफर गेटला आठवडी बाजार भरतो, त्या भागात त्या दिवशी रिक्षा मुंगीच्या पावलाने चालते.

नंबर कुठून मिळवायचा? हॉटेलच्या काउंटरवर विचारू नका. तिथून बहुतेक वेळा ठरलेल्या दुकानाचे कार्ड हातात पडते. महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाचे पैठणी केंद्र पैठणला आहे, तिथून सुरुवात करणे सर्वांत सोपे. एका विणकराशी ओळख झाली की तोच दुसऱ्याकडे पाठवतो. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

बोलताना शहरात ‘चाचा’, ‘भाई’ चालते. दखनी हिंदीत गप्पा रंगतात. पैठणला ‘काका’, ‘ताई’, ‘मावशी’. मागावर बसलेली मावशी बोलता बोलता तुमच्याकडे न बघता उत्तर देईल. तिने तुम्हाला टाळले असे समजू नका. तिची नजर धाग्यावर आहे.

जुन्या शहरात पायी: धंद्यांची नावे वाचत

सकाळी नऊच्या सुमारास पैठण गेटपासून चालायला सुरुवात करा. टिळक पथाने गुलमंडी, तिथून मछली खडक, सिटी चौक, सराफा आणि शेवटी शहागंजचा घड्याळाचा मनोरा. रमतगमत दोन तास लागतात.

१६१० मध्ये मलिक अंबरने खडकी हे गाव वसवले तेव्हापासून या वस्तीत कारागिरांची पेठ हळूहळू उभी राहिली. त्या पेठेचा नकाशा गल्ल्यांच्या नावांत राहिला आहे. रंगार गल्ली, कुंभारवाडा, कासारी बाजार, सराफा: कोण कुठे बसत होते हे वेगळे सांगायला नको. आज कुंभारवाड्यात कापडाची दुकाने आहेत आणि रंगार गल्लीत रंगाच्या कढया दिसत नाहीत, तरी चालत जाताना ही नावे लक्षात ठेवा. धागा रंगवणारा, धातू घडवणारा, मातीचे भांडे करणारा आणि दागिने घडवणारा हे सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. विणकराला रंगार हवा, रंगाराला भांडे हवे, जरीची तार काढणाऱ्याला सोनार हवा. कारागिरी एकट्याने उभी राहत नाही, हे या गल्ल्यांत पायाखालून कळते.

सराफ्यात एखाद्या ओट्यावर सोनाराचा हातोडा चालू असेल तर थांबा. भट्टीची छोटी फुंकणी, लाखेवर बसवलेला पत्रा आणि अंगठ्याने फिरवलेली छिन्नी, हे दहा मिनिटांत बघून होते. परवानगी विचारून उभे राहा आणि उजेड अडवू नका.

बिदरीची काळी-रुपेरी भांडी या शहरातल्या दुकानांत पुष्कळ दिसतील. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतकाम करतात, त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या मातीने धातू काळा करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. ही कला तिच्या घरी बघायची तर बिदरलाच जावे. लातूर-उदगीरकडून येणाऱ्यांना ते जवळ पडते.

हिमरूचा कारखाना: वर बघा, मग खाली

मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा विणकरही आले आणि इथेच राहिले, असे परंपरा सांगते. हिमरू हे दरबारी किनखाबाचे सुती-रेशमी भावंड. किनखाबात सोन्या-रुप्याची जर. हिमरूत ताणा सुताचा आणि नक्षीचा बाणा, म्हणजे आडवा धागा, रेशमाचा. त्यामुळे कापड वजनाला हलके, अंगाला मऊ आणि थंडीत उबदार. शेरवानी, अंगरखे, शाली आणि रजईची खोळ यांसाठी ते वापरले गेले.

कारखान्यात शिरल्यावर पहिली नजर मागाच्या माथ्यावर टाका. तिथे छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लटकलेली दिसेल. हा जकार्ड. एक पुठ्ठा म्हणजे नक्षीची एक ओळ. पायाखालची पावडी दाबली की माळ एक घर पुढे सरकते, छिद्रे जिथे आहेत तिथले ताण्याचे धागे उचलले जातात आणि त्या फटीतून आडवा धागा नेणारा धोटा जातो. पुठ्ठ्यांच्या आधी जाळा असायचा. मागावर एक जोडीदार बसून गाठी मारलेल्या दोऱ्या खेचायचा, खाली विणकर धोटा फेकायचा. दोघांची लय जमली नाही तर फूल मोडायचे. जुना जाळा कुठे जपून ठेवलेला असेल तर तो उलगडून दाखवायची विनंती जरूर करा. आलेखाच्या कागदावरची नक्षी दोऱ्यांच्या गाठींत कशी उतरते, हे समजले की पुढे कोणतेही नक्षीदार कापड बघताना डोळा वेगळा होतो.

मग विणकराला तयार कापड उलटे करून दाखवायला सांगा. ही या सगळ्या फेरीतली सर्वांत कामाची गोष्ट. हिमरूच्या पाठीवर रंगीत धागे मोकळे तरंगताना दिसतील. पुढे फूल असेल तिथे धागा वर येतो, फूल संपले की मागे जाऊन पुढच्या फुलापर्यंत सुटा धावतो. कापडाची ऊब आणि मऊपणा येतो तो बराचसा या मागच्या मोकळ्या धाग्यांतून. म्हणूनच हिमरूला अस्तर लावतात. नाहीतर अंगठीत किंवा बांगडीत धागा अडकून ओढला जातो.

हिमरू आता यंत्रमागावरही भरपूर होते आणि बाजारात मिळणाऱ्या शालींपैकी बऱ्याच तिथल्याच असतात. ते वाईट कापड आहे असे माझे म्हणणे नाही. पण हातमागाचे म्हणून विकले जात असेल तर प्रश्न विचारायचा हक्क तुमचा. ‘रेशीम’ म्हणून रेयॉनचा धागा वापरलेला असतो, तेही विचारा. प्रामाणिक कारागीर सरळ सांगतो: हे रेशीम, हे आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम, हे हातमागाचे, हे मशीनचे. ज्या दुकानात या चार प्रश्नांची चार उत्तरे मिळत नाहीत तिथे शाल घेऊ नये.

हिमरूसोबत मशरूही विचारून घ्या. त्यात ताणा रेशमाचा, बाणा सुताचा आणि वीण साटीनची. वरून रेशमाचा चमकदार पृष्ठभाग आणि अंगाला लागते ते सूत. कुठे जुना तुकडा दाखवला तर दोन्ही बाजू बोटांनी चाचपा, फरक लगेच कळतो.

पैठण: अर्धा दिवस एकाच मागापाशी

मध्यवर्ती बसस्थानकावरून पैठणची एसटी सहज मिळते. स्वतःची गाडी असेल तर सकाळी आठच्या आत निघा, म्हणजे खिडकीचा उजेड मागावर असतानाच पोहोचता.

पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणात पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून तलम-जाडेभरडे कापड भरूचच्या बंदराला जात असल्याचे लिहिले आहे. तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे. म्हणजे मराठवाड्याचे कापड दोन हजार वर्षांपूर्वीही समुद्रापार जात होते. पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तिथले मणी आणि मातीच्या मूर्ती बघा, पण मागाकडून परतताना.

आता पैठणी. मागापाशी तीन गोष्टी क्रमाने बघा.

पहिली, ताणा. रेशीम बहुतांशी बेंगळुरूकडून येते, जर सुरतेहून. कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंक असतो. साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून तो काढला की रेशमाचे वजन साधारण चौथाईने घटते आणि चमक उघडी पडते. मगच ते रंगाला घेतात. रहाटावर धागा कांड्यांवर भरला जातो. हे काम अनेकदा घरातल्या आजी करतात. एका ताण्यावर एकापेक्षा जास्त साड्या निघतात. तो संपला की जुन्या ताण्याच्या टोकाला नव्याचा एकेक धागा हाताने पिळून जोडतात, त्याला सांधणी म्हणतात. हजारो धागे, एकेक करून. तुमच्या नशिबाने सांधणी चालू असेल तर तिथे बसाच. फोनवर ‘आज विणकाम नाही, सांधणी चालू आहे’ असे सांगितले तर मी म्हणेन, तरीही जा.

दुसरी, काठ. साधारणपणे साडीत एकच आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. कडियल पैठणीत तसे नाही. तीन धोटे चालतात: डाव्या काठाचा एक, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक. जिथे काठ आणि अंग मिळतात तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून परत फिरतात. म्हणून मोरपंखी अंगाला लाल काठ असला तरी लालमध्ये मोरपंखी मिसळत नाही. एकधोटी पैठणीत मात्र एकच धोटा सगळीकडे जातो, त्यामुळे अंगाचा रंग काठातही उतरतो. ती कमी वेळात होते आणि स्वस्त असते. ती खोटी नव्हे, जातच वेगळी. विणकराला विचारा, ‘ही कडियल की एकधोटी?’ हा एक प्रश्न विचारलात की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळे बोलू लागतो.

तिसरी, पदर. इथे खुर्ची मागून घ्या.

पदराला जकार्ड लागत नाही, पुठ्ठे लागत नाहीत. जरीच्या जमिनीवर बांगडीतला मोर विणायचा असेल तर मोराच्या प्रत्येक रंगाची एक छोटी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली कांडी, असते. हिरव्या रेशमाची, राणी रंगाची, निळी, पिवळी, अशा बारीक तिल्ल्या ताण्यावर ओळीने लोंबत असतात. विणकर ताण्याचे धागे मोजतो. समजा मानेसाठी सहा धागे निळे; निळी तिल्ली सहा धाग्यांखालून काढतो, सातव्यापाशी शेजारच्या जरीच्या धाग्यात तिला अडकवतो आणि पुढच्या ओळीसाठी तिथेच सोडतो. मग पुढची तिल्ली. एका आडव्या ओळीत असे कितीतरी अडकाव. ओळ पूर्ण झाली की धागा दाबून बसवणारी फणी एकदा आपटते. ती ‘ठक्’ ऐकायला मध्ये बराच वेळ जातो. बारीक नक्षीच्या पदरावर दिवसाचे काम बोटांच्या रुंदीत मोजावे लागते. भरजरी पदराची साडी मागावरून उतरायला काही महिने, कधी वर्षही लागते. हे तिथे बसून बघितले की किमतीबद्दल घासाघीस करायला जीभ वळत नाही.

या विणीमुळेच खऱ्या पैठणीचा पदर पुढून-मागून जवळजवळ सारखा दिसतो. पाठीवर नक्षीच्या कडेला धाग्यांची छोटी टोके दिसतील, पण एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत धावणारे मोकळे धागे दिसणार नाहीत. हिमरूच्या अगदी उलट. हिमरूत पाठीवरचे मोकळे धागे हीच ओळख. पैठणीच्या पदरात तेच धागे दिसले तर तो पदर तिल्लीवर विणलेला नाही. म्हणूनच मी हिमरू आधी बघायला सांगते. एका दिवशी एक पाठ आणि दुसऱ्या दिवशी दुसरी पाठ बघितली की पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही.

एक खुलासा इथेच करते. अंगभर बुट्ट्या किंवा वेल असलेल्या ब्रोकेड पैठण्या हातमागावर जकार्ड लावूनही विणतात, त्यांच्या अंगाच्या पाठीवर धागे असणारच. बघायचा तो पदर.

नक्षीची नावे मागावरच शिकून घ्या, दुकानात ती घाईत सांगितली जातात. बांगडी मोर, मुनिया म्हणजे छोटा पोपट, असावली म्हणजे फुलांचा वेल, काठाची नारळी, कुयरी आणि अजिंठ्याच्या भिंतींवरून उतरलेले कमळ. अजिंठा करून आलेला माणूस हे कमळ बघून हमखास थबकतो. पारंपरिक रंगांतली काळी चंद्रकळा लाल काठाची. ती कुठे मागावर असेल तर उजेडात उलगडून बघा, काळ्याची खोली कृत्रिम दिव्यात कळत नाही.

येवल्याचा उल्लेख कोणीतरी करेलच. नाशिक जिल्ह्यातले येवले आज पैठणीचे मोठे केंद्र आहे आणि माग तिथे कितीतरी जास्त आहेत. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात दोन्हीकडची परंपरा आहे. ‘येवल्याची खरी की पैठणची’ या वादात पडू नका. हातमागाची आहे का, एवढेच बघा.

दुपारी नाथांच्या वाड्यात आणि गोदाकाठी समाधी मंदिरात जाऊन या. संत एकनाथ १५३३ ते १५९९. ही त्यांची जन्मभूमी आणि कर्मभूमी. जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय थंडीत पक्ष्यांनी भरलेला असतो.

कागजीपुरा: वेरूळच्या वाटेवरचा एक थांबा

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. नावातच धंदा. शतकानुशतके इथे हातकागद होत आला. जुन्या दफ्तरांना आणि हस्तलिखितांना लागणारा टिकाऊ कागद. आज हे काम फार थोडे उरले आहे, म्हणून आधी चौकशी करूनच वळा. काम चालू सापडले तर चिंध्यांचा लगदा, पाण्याचा हौद आणि त्यात बुडवून सपाट उचललेला साचा बघा. साचा वर येताना मनगटाचा एक हलका हेलकावा असतो. लगदा सगळीकडे सारखा पसरतो तो त्याच हेलकाव्याने. मग दाबणे, वाळवणे आणि गुळगुळीत दगडाने घोटणे. घोटलेला कागद बोरूखाली फुटत नाही. चित्रकार, सुलेखन करणारे आणि पत्रिका छापणारे यांनी इथे नमुने घ्यावेत.

शिकणाऱ्यांचे स्टुडिओ

शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे. मुंबई आणि नागपूरबरोबर राज्याच्या शासकीय कलाशिक्षणातले हे तिसरे ठिकाण. वार्षिक प्रदर्शनाच्या काळात गेलात तर विद्यार्थी स्वतः चित्रापाशी उभे असतात. त्यांना ‘हे कशाचे चित्र?’ असे विचारू नका, ‘सुरुवात कुठून केलीस?’ असे विचारा. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली ही मुले दुष्काळ, ऊस, वारी आणि एसटी स्टँड कसे रंगवतात, हे मला अनेक नावाजलेल्या गॅलऱ्यांपेक्षा जास्त जवळचे वाटते.

एमजीएम (महात्मा गांधी मिशन) या शिक्षणसंस्थेच्या आवारातले महागामी हे ओडिसी आणि कथकचे गुरुकुल. रियाजाच्या वेळी बाहेरच्यांना सहज आत घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. जानेवारीत तिथे शार्ङ्गदेव समारोह होतो, तेव्हा जा. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात बसून ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाच्या नावाने, देवगिरीजवळच्याच शहरात होणारा समारोह ऐकणे यात एक औचित्य आहे.

बसायचे कसे, फोटो कसे, पैसे किती

मागाला हात लावू नका. ताण्याला तर नाहीच. हाताचा घाम आणि तेल रेशमावर उतरते. लहान मुले बरोबर असतील तर आधीच समजावून आणा. चपला बाहेर काढा, कारण खड्डामागाच्या, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायच्या मागाच्या, शेजारची जमीन ही विणकराची बसायची जागा.

फोटो विचारून काढा आणि फ्लॅश बंद ठेवा. नवे डिझाइन मागावर असेल तर ते इंटरनेटवर टाकू नका. यंत्रमागावर नक्कल व्हायला फार दिवस लागत नाहीत आणि नुकसान त्या घराचे होते. चेहऱ्यापेक्षा हातांचे फोटो काढलेत तर बहुतेक जण खुशीने हो म्हणतात.

तासभर कोणी काम थांबवून दाखवत असेल तर त्याचे पैसे द्या. विणकराची मजुरी बहुधा विणलेल्या मालावर असते. तुमच्याशी बोलण्यात गेलेला तास त्याच्या पोटातून जातो. रोख हातात देणे अवघड वाटत असेल तर एखादा रुमाल, बटवा किंवा काठाची पट्टी विकत घ्या. चहा मात्र नाकारू नका.

घ्यायचे ठरले तर

आधी पाठ बघा. वर सांगितले आहे तेच, पण दुकानाच्या झगमगाटात लोक विसरतात.

जर कोणती ते स्पष्ट विचारा. खऱ्या जरीत चांदीची तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळतात आणि तिला सोन्याचा मुलामा देतात. टेस्टेड जर तांब्यावरची. तिसरी प्लास्टिकवर्गीय. तिन्हींच्या किमतीत मोठी तफावत, म्हणून बिलावर जरीचा प्रकार लिहून घ्या. रेशमाची शंका असेल तर काठाच्या आतला सुटा धागा मागून जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते; पॉलिस्टरसारखा कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो, तर रेयॉन कागदासारखा जळतो. दुकानदार धागा द्यायला कां-कू करत असेल तर त्यातही उत्तर आहे. शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हॅंडलूम मार्क ही लेबले असतात. दोन्हींचे अर्थ वेगळे, एकाने दुसऱ्याची खात्री होत नाही.

माझा सल्ला मात्र तयार साडी घेण्यापेक्षा मागावर ऑर्डर देण्याचा. लग्न आठ-दहा महिन्यांवर असेल तर आत्ताच जा. अंगाचा रंग, काठाचा रंग, कडियल की एकधोटी, पदराची नक्षी, जरीचा प्रकार, उतरायची तारीख आणि आगाऊ रक्कम, हे सगळे एका कागदावर दोघांच्या सहीने लिहा. रंग फोनच्या पडद्यावरून ठरवू नका. रेशमाच्या लडी उन्हात धरून दोन लडी एकमेकींवर आडव्या ठेवा, ताण्या-बाण्याचा रंग एकत्र कसा दिसेल त्याचा अंदाज येतो. विणकराने ‘हा रंग या काठाला उठणार नाही’ असे सांगितले तर ऐका.

आणि पदर सुरू झाल्याचा फोन आला की एकदा पैठणला जाऊन या. तोपर्यंत अंग विणून गुंडाळीत गेलेले असते आणि पहिल्या मोराच्या पायाशी तिल्ल्या नुकत्या लागलेल्या असतात. नक्षीत काही बदल हवा असेल तर तो त्याच दिवशी सांगायचा. मोर मानेपर्यंत आला की उसवणे विणकराला जमत असले तरी रेशमाला सोसत नाही.